चाकाच्या बोटीचा शेवटचा रविवार

२८ जानेवारी
फ्लेक्स लागला! धरणाच्या फाटकावर. 'वीस वर्षे जलविहाराची — संस्थापक पुंजाराम.' खाली त्याच्या नव्या स्पीडबोटींचे फोटो. आमची चाकाची बोट कुठंच नाही. हेही नाहीत. दीर आहे माझा — भाऊ गेल्यावर संस्थापक झाला!

२९ जानेवारी
अकोल्याच्या कापसाच्या एका बंद जिनिंगमधलं लोखंडी चाक ह्यांनी भंगारात उचललं. त्याला सागवानी फळ्या ठोकल्या, डिझेल इंजिन जोडलं, अन् बोटीच्या मागं बसवलं. लोक हसले — 'भगवंतराव, पाण्यात बैलगाडी हाकता काय?' पहिल्याच रविवारी तेच लोक रांगेत! मग अमरावतीच्या शाळा आल्या. सेमाडोहच्या जंगलातून परतणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या थांबू लागल्या. पुंजाराम तेव्हा तिकिटं फाडायचा. हे गेल्यावर सुकाणू मी धरलं, त्यानं नाही.

२ फेब्रुवारी
बोटीला साखळी, कुलूप. पुंजारामनं लावलं.
'वहिनी, थकली ते आता. आतून गंजली. पोरं नका बसवू.'
गंजली म्हणे! ह्याच्या स्पीडबोटी रिकाम्या फिरून राहिल्या, म्हणून माझी बोट गंजली.
म्हटलं, 'भाऊजी, गंज तुमच्या डोक्याले चढला.' घाटावरचे सगळे हसले. तो नाही हसला.

५ फेब्रुवारी
अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका शाळेची सहल ठरली, रविवारची. कुलूप मुनव्वरभाईकडून तोडून घेतलं. आमचा जुना इंजिनवाला तो. म्हणतो, 'भाभी, एक बार नीचे से देख तो लेते.'
हाही पुंजारामच्याच बाजूचा झाला!

८ फेब्रुवारी
शाळेचा फोन. सहल रद्द. पुंजारामनं परस्पर कळवलं — बोट धोक्याची आहे. इतका खाली उतरला!
बरं. उद्या एकटी नेते. साऱ्या घाटाले दिसू दे.

९ फेब्रुवारी, रविवार
नेली. धरणाच्या मधोमध पायाखाली ओल लागली. फळी उचलून पाहिली — खाली तळाचा पत्रा उरलाच नव्हता, नुसतं पाणी वर येत होतं. इंजिन बंद पडलं. पुंजारामभाऊजी स्पीडबोट घेऊन आले. दंडाला धरून ओढलं मले.
बोट गेली. सहलीच्या पोरांसाठी मांडलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या तेवढ्या कितीतरी वेळ पाण्यावर तरंगत होत्या.