कोपरावरचं ठिगळ

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आई जेवते-खाते आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. पाणीपुरवठा खात्यातून सुटल्यापासून मी दिवसभर घरात पायात घोटाळतो, अशी तुझ्या वहिनीची तक्रार होती. म्हणून मी एक कॅमेरा घेतला आणि आता रस्त्यावरच्या लोकांच्या पायात घोटाळतो. वहिनी खूश आहे.

हसू नकोस, प्रकरण गंभीर आहे. आम्ही काही रिकामटेकड्यांनी मिळून रविवार मंडळ काढलं आहे. दर रविवारी चिठ्ठी उचलायची, ज्या गावाची निघेल तिथे बसने जायचं, दिवसभर अनोळखी माणसांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या बसने परत. मंडळाचे नियम कडक आहेत. कुणाला उभं राहा, हसा म्हणायचं नाही, कुणाचं नाव विचारायचं नाही आणि फोटोखाली गावाचं नाव लिहायचं नाही. नुसता माणूस दिसला पाहिजे.

सगळी नोकरी मी लोकांच्या दारातले मीटर वाचण्यात घालवली, पण लोकांकडे कधी पाहिलं नाही. पाहायची सोयच नव्हती. दारात उभा राहिलो की तक्रारी सुरू व्हायच्या. अनोळखी माणसाचं बरं असतं, ते आपल्याकडे काही मागत नाही. आपण बघायचं, खटका दाबायचा आणि पुढे चालू लागायचं. इतकं सुख मला आजवर कशात मिळालं नव्हतं.

सोबत एक प्रिंट पाठवतो आहे. न्हाव्याच्या खुर्चीत झोपी गेलेले एक गृहस्थ, आणि एका हाताने त्यांची मान सावरून धरणारा न्हावी. आईला दाखव. यापुढे प्रत्येक पत्रात एक फोटो पाठवीन.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो पाहून आई एवढी खुलली की काय सांगू. दिव्याखाली बसून, भिंग लावून तिने त्या न्हाव्याला अर्धा दिवस न्याहाळलं. झोपलेल्या गृहस्थांची दाढी पुरी झाली असेल की नाही, यावर आमचा वादही झाला. मग तिने एक गंमत केली. फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली की दादा इथे उभा असणार. तू फोटोत नसलास तरी फोटोच्या समोर असतोस, असा तिचा हिशोब आहे. आता फोटो हातात आला की ती आधी ती कड चाचपते.

दादा, भिंगाची गोष्ट मुद्दाम लिहिली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं आहे. उजवा डोळा गेल्यात जमा आहे आणि डाव्याचा भरवसा नाही, फार तर उन्हाळ्यापर्यंत टिकेल. हे ऐकून ती रडली-बिडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली की दिसतंय तोवर तुला एकदा नीट बघायचं आहे. दुसरं काही तिला नको. आल्यागेल्याजवळ तिचा तोच विषय असतो.

तेव्हा एकदा ये. राहूही नकोस हवं तर, चहा घे आणि जा. अनोळखी माणसं काही मागत नाहीत हे खरं, पण आम्ही पडलो ओळखीचे, म्हणून मागते आहे.

माझं इस्पितळाच्या लाँड्रीत रोजचंच रहाटगाडगं. रविवारीही पहाटेची पाळी असते. आत वाफ आणि बाहेर गारठा. बाबा गेले तेव्हा तू इथे विसरून गेलेला राखाडी स्वेटर मी बिनदिक्कत वापरते, परत मागू नकोस. कोपरावर विरला होता, आईने ठिगळ लावून दिलं. तिने केलेलं शेवटचं शिवणकाम ते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, त्याला पाय फुटून तो इकडे यावा ही विनंती.

तुझी,
भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आईच्या डोळ्यांचं वाचून फार वाईट वाटलं. यायचं माझ्या मनात खूप आहे, पण गुडघ्याने दगा दिला आहे. सपाटीवर चालतो, पण जिना दिसला की पाय गळतात. आणि तुम्ही बसला आहात चौथ्या मजल्यावर. जरा बरं वाटू दे, सवडीने येतोच. आईला सांग, मी मनाने तिथेच असतो.

आता एक आनंदाची बातमी. गेल्या रविवारी मला माझा फोटो मिळाला. म्हणजे ज्याच्यासाठी माणूस कॅमेरा घेतो, तसा एखादाच मिळतो, तो. सोबत ठेवला आहे. कुठल्याशा कारखान्याच्या मागच्या दारात पायरीवर बसलेली एक बाई. बूट काढून बाजूला ठेवलेत, डोकं कपड्यांच्या ढकलगाडीला टेकलं आहे आणि डोळे मिटलेले आहेत. स्वेटरच्या कोपरावरचं ते ठिगळ बघ. त्या एका ठिगळात तिची सगळी कहाणी आली आहे. हिची घरी वाट पाहणारं कुणी नसावं. असतं तर अशी परक्या पायरीवर टेकली नसती, घराकडे निघाली असती. खटका दाबताना माझे डोळे भरून आले, तुझी शपथ. असं वाटलं की जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवावा, पण नियम म्हणजे नियम.

मंडळात सगळ्यांनी पाठ थोपटली. वाचनालयात आमचं प्रदर्शन भरतं आहे, त्यात मधल्या भिंतीवर हाच फोटो लागणार. आईला दाखव, आणि काय म्हणाली ते मला कळव.

लोभ असाच राहू दे.

तुझा,
दादा


२ एप्रिल

दादा,
नमस्कार.

आज तीर्थरूप लिहायला हात उचलला नाही, राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तुझ्या फोटोतल्या बाईचा पत्ता मला माहीत आहे. तो कारखाना नाही, इस्पितळाची लाँड्री आहे. बाईने बूट काढलेत ते दिवसभर उभं राहून पाय सुजतात म्हणून. ती घरी निघाली नाही, कारण पुढच्या पाळीची बाई आली नव्हती आणि चादरींचा ढीग तसाच पडला होता. घरी तिची वाट पाहणारं माणूस आहे, आणि ते माणूस तुझीही वाट पाहतं. दादा, ती मी आहे.

माझे केस पिकले, मी वाळले, हे कबूल. चेहरा ओळखला नाहीस ते एकवेळ सोडून देते. पण स्वेटर तुझा आहे. ठिगळाचं मी तुला गेल्याच पत्रात लिहिलं होतं. माझी पत्रं तू वाचतोस की नुसती फोडतोस?

आणि फोटो वरून काढलेला आहे. लाँड्रीसमोर उंच असं एकच काही आहे, रेल्वेचा पादचारी पूल. त्याच्या पायऱ्या आमच्या चार मजल्यांपेक्षा जास्तच आहेत, मी रोज चढते. त्या पुलावरून आमची खिडकी दिसते हेही तुला ठाऊक आहे. तेव्हा तुझा गुडघा यापुढे मला सांगू नकोस. तू या गावात आलास, दिवसभर हिंडलास, परक्या बाईसाठी डोळ्यांत पाणी आणलंस आणि आईला न भेटता बसमध्ये जाऊन बसलास.

हेही मी गिळलं असतं. प्रिंट मी कपाटात कपड्यांखाली सारली होती. पण आईला हल्ली पाकिटाच्या जाडीवरून कळतं की फोटो आला आहे. मी म्हटलं, या खेपेला धुरकट आला आहे. त्यावर ती म्हणाली की तिला सगळंच धुरकट दिसतं, घेऊन ये.

चेहरा तिलाही नाही कळला. भिंग फिरवत फिरवत ती कोपरापाशी आली आणि थांबली. ठिगळाला कापड कमी पडलं होतं, म्हणून तिने एक टोक तिरकं शिवलं होतं. ते तिरकं टोक तिने ओळखलं. माझ्याकडे बघून म्हणाली की ही तर तू आहेस. मग तिने नेहमीसारखं फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. किती वेळ ते बोट तिथेच होतं.

नंतर तिने विचारलं की तो इथे आला होता का. मी सांगितलं की मंडळातल्या दुसऱ्या कुणी काढला असेल. तर म्हणाली की डोळे जातायत, अक्कल अजून जागेवर आहे. भिंग मिटून उशीखाली ठेवलं आणि जेवायला वाढ म्हणाली.

तेव्हापासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. तू कधी येणार हे विचारत नाही. मी दहादा उत्तर देऊन कंटाळत होते ना, आता ते विचारणं ऐकायला माझे कान आसुसलेत.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

भिंगरी


१५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मनाला फार लागलं. तरी मी रागावलो नाही, तू दमलेली असतेस. पण तू समजतेस तसं नाही. त्या रविवारी चिठ्ठीच तुमच्या गावाची निघाली, त्याला मी काय करणार? चारचौघांबरोबर असताना एकट्याने सटकणं बरं दिसत नाही. पुलावरून मी खिडकी पाहिली, खोटं बोलणार नाही. पडदा ओढलेला होता. आई झोपली असेल, कशाला उगाच उठवायची, असं वाटलं.

खरं विचारशील तर मला भीती वाटली. तिने माझ्याकडे बघावं आणि तिला मी दिसू नये, हे मला सोसवलं नसतं. परक्यांचं दुःख बघवतं, आपल्या माणसाचं नाही बघवत. तुला हे पटणार नाही.

फोटोचं म्हणशील तर लोक त्यापुढून हलत नाहीत. एक बाई तर डोळे पुसत होत्या. तू म्हणालीस तर उतरवीन, पण मधली भिंत उघडी पडेल आणि छापील पत्रिकेवरही तोच आहे. तेव्हा प्रदर्शन संपेपर्यंत राहू दे, एवढं माझ्यासाठी कर.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येतो. अगदी नक्की. आईला सकाळी खिडकीपाशी बसवून ठेव, तिथे उजेड छान पडतो. कॅमेरा आणतो आहे. तिचे दोन चांगले फोटो माझ्याकडे नाहीतच.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


२९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, उजेडासकट आणि कॅमेऱ्यासकट.

उजेडाची काळजी करू नकोस, कुठेही बसवलं तरी तिला आता फरक पडत नाही. गेल्या आठवड्यात तिने मला दिवा लावायला सांगितलं. दिवा तिच्या समोर लागलेलाच होता. डॉक्टर म्हणाले की आता काही करण्यासारखं नाही. पडद्याचं तू लिहिलंस म्हणून सांगते, तो ओढलेला होता कारण उजेड तिच्या डोळ्यांना टोचायचा. ती झोपलेली नव्हती. पडद्याआड बसलेलीच होती.

तिने बघावं आणि तू दिसू नयेस, याची तुला भीती होती. आता तसंच होणार आहे. तेव्हा आला असतास तर झालं नसतं. भिंग लावून तिने शेवटचं जे नीट पाहिलं, ते माझ्या कोपरावरचं ठिगळ.

मी या माणसाला कधी माफ करणार नाही, असं तिच्यासमोर बोलून गेले. तिने मला गप्प केलं. म्हणाली की येतोय तर येऊ दे, पाहुण्याला नाही म्हणू नये. पाहुणा हा शब्द तिचा आहे, माझा नाही.

फोटो भिंतीवर राहू दे. तिथे निदान माझ्याकडे कुणी थांबून बघतं आहे.

तिने तुझ्यासाठी निरोप ठेवलेला नाही, मला मात्र एक काम सांगितलं आहे. रविवारी तो राखाडी स्वेटर घालून मी खाली रस्त्यावर उभं राहायचं. मी म्हटलं, एवढ्या उन्हाळ्यात? ती म्हणाली की घामाघूम झालीस तरी चालेल, पण कोपर पुढे करून उभी राहा. नाहीतर तो समोरून तुझा फोटो काढेल आणि निघून जाईल.

तेव्हा मी उभी असेन. लोभाचं काय ते तू वर आल्यावर बघू.

भिंगरी