कर्टिसनं भरलेलं पाणी

९ नोव्हेंबर

प्रिय जनेल,

तुला आणि छोट्या ब्रिनला अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे हातपाय चालताहेत. थंडीनं तुझ्या सासूचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय. परवा व्हर्नानं बटाट्याचं सारण भरून अडीचशे पेरोगी करून ठेवल्या. खाणार कोण, असं विचारलं तर म्हणाली, "हाताला सवय आहे, मी काय करू?" बर्फ पडलाय, तो आता एप्रिलपर्यंत हलायचा नाही. शेजारचा ओरेस्ट रोज येतो, कॉफी पितो, सरकारला शिव्या देतो आणि जातो. कर्टिस गेल्यापासून तो माझ्याशी जपून बोलतो. मला ते अजिबात सहन होत नाही.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. ब्रिन रोज विचारते, डॅडीच्या ट्रेलरमध्ये कधी झोपायचं. मे महिन्यात तुम्ही दोघी येऊन ते चाकांवरचं घर गाडीला जोडून नेणार, उन्हाळा तळ्याकाठी काढणार. "पुढे बघावं अशी सध्या तेवढी एकच गोष्ट आहे," असं तू लिहिलंयस. ते वाक्य मी व्हर्नाला वाचून दाखवलं नाही.

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला तू फोनवर विचारलंस, "बाबा, गोठून पाइप फुटायच्या आत ट्रेलरचं पाणी काढलंत ना?" मी म्हणालो, "झालं सगळं." वर तिखटमीठ लावून सांगितलं, की प्रत्येक नळातून ते न गोठणारं गुलाबी औषध येईपर्यंत पंप चालवला, मोरीतसुद्धा पेलाभर ओतलं. जनेल, मी खोटं बोललो. त्यातलं काहीच मी केलं नव्हतं.

करायला गेलो होतो, हे मात्र खरं. चाळीस वर्षं हे काम करतोय, कर्टिसलाही मीच शिकवलं. आधी टाकी रिकामी करायची, मग हीटर, मग नळ, आणि शेवटी औषध. औषधाचे दोन कॅन घेऊन मी ट्रेलरखाली आडवा झालो, टाकीच्या चावीला हात घातला आणि सवयीनं टाकीवर थाप मारली. ती गच्च भरलेली होती.

तुम्ही तळ्यावरून परत आलात तो सोमवार आठवतो तुला? तुम्ही आत जेवायला बसलात आणि कर्टिस अंगणात पाइप लावून टाकी भरत होता. मी दारातून ओरडलो, "अरे, आत्ता कशाला? शिळं होईल. शुक्रवारी निघताना भर."

"शुक्रवारी फार घाई होते, बाबा. या खेपेला तुम्हीपण चला."

"बघू," मी म्हणालो.

त्याच बुधवारी खडीच्या रस्त्यावर त्याचा ट्रक उलटला.

पाणी आमच्याच विहिरीचं. तेच आम्ही रोज पितो, त्यातच भांडी घासतो. एवढं कळत नाही असा मी खुळा नाही. पण ते त्यानं भरलं होतं, आणि चावी फिरवली की चिखलात जाणार होतं. माझा हात चालला नाही. तिथंच उताणा पडून मी ढसाढसा रडलो. तेवढ्यात ओरेस्ट आला. वाकून म्हणाला, "काय रे लॉर्न, खाली डुलकी लागली की काय? सरक, मी करतो."

"तुझं तू बघ!" मी खेकसलो. बिचारा निघून गेला.

उद्या करू, म्हणालो. मग परवा. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, की पारा उणे चौदावर उतरणार. मी नीट ऐकलं आणि रेडिओ बंद केला.

चार दिवसांनी चांगलं ऊन पडलं, तेव्हा ट्रेलरखालून पाणी ठिबकताना दिसलं. टाकी सांध्यावर फाटलीय, पंप तडकलाय, हीटर फुटलाय. भिंतींच्या आतले पाइप किती ठिकाणी गेलेत ते मी बघितलंच नाही. ब्रिनच्या बिछान्याखालची फळी फुगून वर आलीय. ओरेस्टनं आत जाऊन पाहिलं आणि म्हणाला, दुरुस्त करण्यासारखं यात काही उरलेलं नाही. मला ते त्याच्याआधीच दिसलं होतं.

तेव्हा मे महिन्यात तुम्ही येऊ नका. न्यायला इथे काही नाही. त्यानं तुमच्यासाठी मागे ठेवलेली ती एकच वस्तू होती. ज्या पाण्यासाठी मी ती घालवली, तेही गेलंच.

काल शेवटी व्हर्नाला सांगितलं. वाटलं, तोंडाला येईल ते बोलेल. ती टेबल पुसत होती. पुसायची थांबली आणि हळूच म्हणाली, "लॉर्न, तळघरात चाळीस रिकाम्या बरण्या आहेत. एक भरून घ्यायची होतीस."

जनेल, मला ते सुचलंच नाही.

ब्रिनला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. लोभ असू दे, हे कुठल्या तोंडानं लिहू?

ब्रिनचा आजोबा,
लॉर्न