पिंपळीच्या मोरीवरची पाकोळी

बारामती,
ता. ४ डिसेंबर १९३६

प्रिय सर्जेराव यांस आबासाहेबाचा रामराम.

बारामती-इंदापूरच्या या टापूत खाण्याखेरीज दुसऱ्या कारणाने पाखरांकडे मान वर करणारी माणसे दोनच, तुम्ही आणि मी. आणि आपले गाऱ्हाणेही एकच: आपण पाहिलेले कुणी खरे धरत नाही. मुंबईच्या पक्षिमंडळींचे उत्तर काल आले. ‘नमुना पाठवल्यास विचार करू.’ नमुना म्हणजे कातडे. जिवंत आहे तोवर ते पाखरू नाही. मेले, पेंढा भरला, की आहे. माणसांना लावलेल्या असल्या न्यायावर मी गावोगावच्या सभांत आग ओकत आलो. तोच पाखरांनाही लागतो हे आता कळले.

तुमचेही पत्र पोचले. ‘मुंबईवाले कातडेच मागणार, बघा. बंदूक घेऊन येतो आणि पाडून देतो.’ त्याचे उत्तर शेवटी देतो.

घरी सर्व ठीक. सरुबाईचे मिरचीचे वाफे यंदा असे लगडले आहेत, की ती नवऱ्याशी बोलायचे सोडून त्यांच्याशी बोलते. पेरूंना चांगला भाव आहे. थंडी छान पडली आहे. डोळ्यांचे विचारलेत. आहेत.

आता सगळे सविस्तर लिहितो, कारण मागच्या पत्रात मी नुसता डंका पिटला होता.

पिंपळीला कालव्याच्या मोरीजवळ सभा होती. विषय नेहमीचा, शेवटच्या टोकाच्या रानाला पाण्याची पाळी का मिळत नाही. मोरीच्या कमानीखाली पाकोळ्यांची घरटी आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. त्या साध्या पाकोळ्या: काळ्या, आखूड, कमरेवर पांढरा पट्टा, शेपूट विळ्याने कापल्यासारखे सरळ. ऊन कलले तसा त्यांचा थवा डोक्यावर चकरा मारू लागला. मी ऐन रंगात होतो. ‘पाणी वर अडते ते उताराने नाही,’ एवढे म्हटले, हात वर केला, आणि त्या हाताच्या टोकाला ती दिसली.

पट्टा तसाच पांढरा. पण पंख लांब, चाल संथ, बाकीच्यांच्या लगबगीत एखाद्या पाहुण्यासारखी. वळताना शेपूट उघडले आणि त्याची दोन टोके झाली. पुन्हा मिटले तर नुसता काटा. सर्जेराव, सैबेरियाकडून येणारी ती दुभंगल्या शेपटीची पाकोळी, जिच्यासाठी आपण वरकुट्याच्या माळावर माना मोडून घेतल्या.

माझे वाक्य तिथेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. हात वर, तोंड उघडे.

लोकांना वाटले, विमान आले. सगळी सभा आभाळाकडे पाहू लागली. पुढे बसलेले महिपतीतात्या म्हणाले, “आबासायेब, भाषण इसरला व्हय? पानी पाजा कुनीतरी.”

मी म्हणालो, “तात्या, ते वरचं मोठं पाखरू बघा. शेपटीला दोन टोकं आहेत की नाहीत?”

“व्हय, हायती की,” तात्या म्हणाले.

“कोतवाल हाय त्यो,” मागून कुणीतरी बोलले.

“कोतवाल म्हशीवर बसतो, असा उंडारत न्हाय,” तात्यांनी त्याला गप्प केले. मग मी साऱ्या सभेला विचारले, दोन टोके आहेत ना? सगळे एका आवाजात म्हणाले, “व्हय!” मला काय आनंद झाला म्हणून सांगू. घरी येताच मुंबईला लिहिले, ‘सारा गाव साक्षीला आहे.’

रात्री जेवताना सरुबाईला सांगत होतो. तीही सभेला होती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमी इचारलं न् लोक व्हय म्हनले. तुमी तीन टोकं म्हनला असता, तरी व्हयच म्हनले असते.”

मी हसलो. घास मात्र हातातच राहिला.

खरे आहे, सर्जेराव. लोकांकडून ‘व्हय’ काढून घेणे हाच माझा धंदा. पाण्यासाठी तो उपयोगी पडतो, पाखरासाठी नाही. पंखांची लांबी मी पाहिली. शेपूट मात्र एकदाच उघडलेले दिसले, तेही धूसर. साध्या पाकोळीची मधली पिसे झडली असली तर तिचेही शेपूट असेच दुभागलेले दिसते. हे मला तुम्हीच शिकवलेत. पुन्हा पाहायला दोनदा जाऊन आलो. मोठे पाखरू थव्यात आहे खास. पण शेपटीपाशी माझ्या नजरेत दूध सांडल्यासारखे होते. उजव्या डोळ्यात पडदा आला आहे. मी हे पत्र लिहीत असताना सरुबाई कागदावर डोकावून म्हणाली, “वळी अशा काय? बैलानं वडल्यासारख्या.” तिला मोरीवर नेले असते, पण ती माझ्या बाजूची की माझ्या विरुद्धची, हे लग्नापासून ठरलेले नाही.

मला आता ‘व्हय’ म्हणणारा गाव नको. ‘नाही’ म्हणू शकणारा एक माणूस हवा, आणि माझ्या तोंडावर बिनदिक्कत ‘नाही’ म्हणणारा या दोन तालुक्यांत तुमच्याखेरीज कुणी नाही. तुमच्याशी भांडण्यात माझी अर्धी उमर सुखात गेली.

बंदुकीचे उत्तर असे. कातडे धाडले तर मंडळी मानतील, कबूल. पण जे हिमालय ओलांडून आले, त्याला आपण केवळ आपली पत राखायला मारायचे? मुंबईने मानले नाही तर न मानो. मला तुमचे मानणे पुरे. आणि साधीच निघाली, तर त्याच मोरीवर उभा राहून पिंपळीकरांना सांगेन, की आपण सगळे मिळून चुकलो.

तेव्हा येत्या मंगळवारी दुपारच्या मोटारीने या. बंदूक खुंटीलाच राहू द्या, दुर्बीण गळ्यात घाला. सरुबाई मिरचीचा ठेचा करणार आहे. ऊन कलताना मोरीवर उभे राहू. मी काही विचारणार नाही, बोटही दाखवणार नाही. तुम्ही पाहा आणि मग सांगा. तोवर मी एक शब्द बोलणार नाही.

असे वचन देणारा, आणि आता तुमच्या डोळ्यांवर हवाला ठेवून बसलेला,
आबासाहेब