तुटक्या पायाचा एन

अण्णा, तुमचं विलायती रिव्हॉल्व्हर सध्या माझ्या स्वयंपाकघरात, ज्वारीच्या डब्यात आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुमच्याशी बोलायला बसले ती या कारणासाठी. लातूरच्या घरावर आम्ही दोन मजले चढवले, ते तुम्ही पाहिले नाहीत. वर क्लासला आलेल्या मुली राहतात, कंधारच्या, देगलूरच्या, एक तर पार इस्लापूरची. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. पोलीस अधूनमधून येतात, कोण राहतं, कोण येतं-जातं, विचारून जातात. अशा घरात मी आईची नांदेडहून आणलेली उशी वर उन्हात टाकायला नेताना जिन्यातच खोळ काढली आणि आतून ते धूड माझ्या पायावर पडलं. लांब नळी, गोल फिरणारं चाक, चाकाच्या भोकांत तोंडाशी शिसं बसवलेलं. मी खोळ त्याच्यावर टाकली आणि तिथेच जिन्यात बसून राहिले. वर कुणी मुलगी मोठ्यानं जीवशास्त्र पाठ करत होती.

आई मात्र शांत. "अगं, असू दे की. तुझ्या अण्णानं दिलेलं हाय. विलायती हाय, हैदराबादहून आणलं व्हतं." मी परवान्याचं विचारलं. "ते मला काय माहीत माय. उघडू नको, भरलेलं हाय, हात जाईल म्हणले व्हते. म्या कशाला उघडू?" भरलेलं! वर पोरी, खाली मी, आणि मध्ये ही म्हातारी भरलेल्या हत्यारावर गाल टेकून झोपत आलेली.

तेव्हाचं सगळं मला आठवतं. भूकंपानंतर आईची शाळा औशाकडे पत्र्याच्या शेडमध्ये भरायची, आणि शेजारच्याच शेडमध्ये ती एकटी राहायची. तुम्ही नांदेडच्या तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवत होतात, मी तुमच्याजवळ कॉलेजला. ढिगाऱ्यातलं सोनंनाणं शोधत चोर फिरतात, अशी आवई रोज उठायची. तुम्ही बदली करून घे म्हणून किती विनवलंत. ती म्हणायची, या लेकरांचं घर गेलं, आता त्यांच्या बाईनंही जायचं का? पुढच्या रविवारी तुम्ही एसटीनं तिच्याकडे गेलात. पिशवीत काय होतं ते मला आज कळतंय.

मग माझ्या डोक्यात एकच घोळ सुरू झाला. हे केलं कुणी? खरोखर विलायती जुनं असेल तर निदान म्हणता येईल, बाबा रे, वडिलांनी ठेवलेली जुनी वस्तू आहे. पण इथंच कुणी घडवलेलं असेल तर तो गावठी कट्टा, आणि घडवणारा गुन्हेगार. मुलींचे आईबाप वळकट्या बांधून त्यांना घेऊन जातील, आणि पेपरात तुमचं नाव येईल. तुमचं, ज्यांनी कधी शाळेतला खिळासुद्धा घरी आणला नाही. आईला औषध देऊन निजवलं आणि दुपारी स्वयंपाकघराला आतून कडी घालून मी ते हातात घेतलं. नळीवर ठोकलेली अक्षरं दिसली, इंग्रजीत, लंडन. क्षणभर बरं वाटलं. मग आठवला तो कंधारचा शेतकरी. पिकांच्या राखणीसाठी त्याच्याकडे आजोबांच्या वेळचं परवान्याचं हत्यार होतं, असंच, ठासून दारू भरायचं. त्याची स्प्रिंग तुटली म्हणून तो तुमच्याकडे आला होता. मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन शाळेत येते, तर तुमच्या टेबलावर त्याचे सगळे भाग पेपरवर मांडलेले, आणि तुम्ही एकेक माप घेताय. मला बघून म्हणालात, "डबा ठेव आणि जा." तुम्ही माझ्यावर असे कधी खेकसला नव्हतात.

मी उठले आणि फळीवरून आईची पितळी घागर काढली. लग्नातली भांडी सासरच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून लोक त्यांवर नाव घालून घेतात. आपल्याकडे ते काम तुम्हीच केलंत, भांडी शाळेत नेऊन, तिथल्या लोखंडी अक्षरठशांनी, आणि ठसे इंग्रजीच असल्यामुळे घागरीवर आईच्या नावाखाली गावही इंग्रजीत, नांदेड. दरवर्षी नव्या भांड्याला तुम्ही मला एक अक्षर ठोकू द्यायचात. मी दोनदा हातोडी मारली की रागवायचात, "एकच घाव. दुसऱ्यानं अक्षर दुभंगतं." ठशांच्या पेटीतल्या एनचा डावा पाय खाली तुटका होता, त्यामुळे तो नेहमी लंगडा उठायचा. मी घागर खिडकीशी नेली, नळी तिच्याशेजारी धरली. लंडनमधले दोन्ही एन लंगडे होते.

अण्णा, तुम्ही हे केलंत. दारू भरलीत, शिसं बसवलंत, बायकोच्या उशाला दिलंत. संध्याकाळी ते आईसमोर ठेवून मी नुसतं विचारलं, कधी वापरावं लागलं का? ती म्हणाली, "एकदाच. कुणीतरी दाराचा पत्रा वाकवून आत हात घातला. म्या हे दोन्ही हातानं धरलं. म्हणलं, आत ये, पहिली गोळी तुझी. हात झटकन मागं गेला. लई धीर व्हता बघ याचा." आणि तिनं त्यावरून असा हात फिरवला, जसा ती शाळेत पहिल्या नंबरच्या पोरीच्या डोक्यावरून फिरवायची.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली तेव्हा मी पुन्हा कडी घातली. मला ते मांजरा नदीत टाकायचं होतं, पण भरलेलं हत्यार रस्त्यानं न्यायचं कसं? चाकाच्या मागे, घोडा जिथं आपटतो तिथल्या बोंडांतल्या बारीक भोकांतून ठिणगी आत दारूपर्यंत जाते, एवढं मला तुमच्याच घरात राहून माहीत. म्हटलं, भोकं मेण घालून बुजवावीत. आधी भोकं किती खोल ते पाहायला सुई घेतली. पहिल्या बोंडात सुई जाईना. दुसऱ्यात जाईना. सगळी फिरवून पाहिली. भोकं नव्हतीच. आतपर्यंत भरीव लोखंड. साऱ्या वर्गाला भोक सरळ कसं पाडायचं ते शिकवणारा माणूस हे विसरेल कसा? तुम्ही ते मुद्दाम पाडलं नाहीत, म्हणजे हे कधी उडणारच नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो पत्र्यातून आत आलेला हात आला, आणि त्याच्यासमोर दोन्ही हातांनी लोखंडाचा गोळा धरून उभी असलेली माझी आई. तो मागे सरला नसता तर? आधी ते खरं असेल म्हणून मी भ्याले, आता ते खोटं होतं म्हणून भ्याले, आणि ही दुसरी भीती पहिलीपेक्षा वाईट आहे. तुम्ही नांदेडला घरी कसे झोपत होतात, अण्णा? का झोपतच नव्हतात? रात्री पाणी प्यायला उठले की तुम्ही अंगणात बसलेले दिसायचात, मला वाटायचं उकडतंय.

आईला मी काही सांगितलेलं नाही. सध्या ती तिच्या भावाकडे गेली आहे, आली की उशीत परत घालून देईन आणि विलायतीच म्हणेन. हे पत्र गॅसवर जाळणार आहे, घरात ठेवायची माझी छाती नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. ज्वारीच्या डब्यात ते दिवसाच असतं. आई गेल्यापासून मी ते माझ्या उशाखाली घेऊन झोपते, आणि मला झोप लागते.