फॉक्सप्रोवाल्या मॅडमना

मॅडम,

काल मीटिंगमध्ये आमचं सॉफ्टवेअर बंद करायचं ठरलं. तेच, चाकणच्या कारखान्यात तुमची फॉक्सप्रो भाषेतली जुनी सिस्टिम काढून मी जावा भाषेत लिहिलेलं. वीस वर्षं डिस्पॅच, स्टोअर आणि पगार त्याच्यावर चालले. आता येणाऱ्या टूलला साध्या इंग्रजीत काय हवं ते सांगितलं की ते स्वतःच प्रोग्रॅम लिहितं. ते चालवणारा इंजिनिअर पंचविशीतला आहे, ताथवड्याच्या कॉलेजातून आलेला, माझ्या शेजारीच बसतो. मीटिंग संपल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसले आणि रहाटणीचा माझा स्टॉप येईपर्यंत मनात तुमच्याशीच बोलत होते. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी या विषयावर बोलावं असं दुसरं माणूस मला मिळालेलं नाही.

तुमची मतं ठाम असायची. फॉक्सप्रो तुम्हाला आवडायचं कारण त्यात काही लपून राहत नाही. टेबल उघडलं की कुठला माल किती आहे ते समोर दिसतं, असं म्हणायचात. प्रोग्रॅममध्ये तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टिपा लिहायचात. ‘इथे हात लावू नये, ओव्हरटाइम बिघडतो.’ मी नुकतीच डिप्लोमा करून आलेली, मला त्याचं हसू यायचं. एकदा तुम्ही रजेवर असताना मी तुमचा मालाची बिलं छापणारा इनव्हॉइसचा प्रोग्रॅम नीटनेटका केला, फाइलींची नावं बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्पॅचचे काका, चाकण गावातलेच, दारात येऊन उभे राहिले. “मॅडम, कागद निघंना. तीन गाड्या भरून उभ्या हायेत.” तुम्ही जुनी फाइल शोधून परत टाकलीत आणि मग माझ्याकडे वळलात.

“कुणाला अडचण होत होती त्या प्रोग्रॅमची?”

“कुणाला नाही, पण दिसायला जरा...”

“मग गेटवर जा आणि ड्रायव्हरना सांग, दिसायला कसा होता ते.”

मी खरंच गेले. त्यांच्यातला एक म्हणाला, “ताई, आमाला न्हाई कळत त्यातलं. गाडी सोडा फक्त.” परत आले तेव्हा तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी माझ्यासाठी झाकून ठेवली होती. त्या विषयावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाहीत.

चार वर्षांनी नवे मॅनेजर आले. नवी सिस्टिम कशात करायची, असं त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होतात, आणि मी म्हणाले, “फॉक्सप्रो आता मेलेली भाषा आहे सर. सगळं जावात घेऊ, सहा महिन्यांत होईल.” सगळे तुमच्याकडे पाहायला लागले. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “मेली असेल. या महिन्याचा पगार तिच्यातूनच निघालाय.” सहा महिन्यांचं काम अडीच वर्षं चाललं, आणि तेवढ्या काळात तुम्हाला स्टोअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नोंदी करायला बसवलं गेलं.

तिथूनच एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही नवी वही घेऊन माझ्याकडे आलात. “मला जावा शिकवशील का गं? रोज अर्धा तास. चार वर्षं राहिलीत नोकरीची, तेवढी कामाची जावीत.” स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणाले, “एवढं रिलीज होऊ दे मॅडम, आत्ता वेळच नाही.” पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा आलात, दिवाळीनंतर पुन्हा. मग आला नाहीत. मुदतीआधीच नोकरी सोडलीत. पुढे काही वर्षांनी तुम्ही वारल्याचं मला डिस्पॅचच्या काकांकडून कळलं, तेही दोन महिन्यांनी.

जावाबद्दल आज माझं मत विचाराल, तर एक ओळ छापायला पाच ओळी लिहायला लावणारी भाषा, पण मी तिच्यावर पोट भरलं. तिच्यानंतर किती टूल आली. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं शिकलं की सुटले. शिकून होईतो त्याच्याही बंद होण्याची बातमी यायची. आता शिकायची इच्छाच उरलेली नाही, तरी आज दुपारी त्या इंजिनिअरला म्हटलं, मला हे दाखवशील का.

“दाखवतो ना मॅडम,” तो म्हणाला. “पण खरं सांगू? ते काय लिहितं ते मलाच निम्मं कळत नाही. चाललं की मी पुढं जातो. माझी तरी नोकरी किती टिकणार, माहीत नाही.”

त्याने ते किती सहज सांगितलं. हे लिहितेय ते कुठे पाठवायचं नाही, म्हणून मलाही आज सांगता येईल. मॅडम, माझ्याकडे वेळ होता. मला तेव्हा जावा येतच नव्हती. संत तुकाराम नगरच्या एका क्लासला तीन महिने जाऊन, पुस्तकातले प्रोग्रॅम उतरवून मी दिवस काढत होते, आणि तुमच्यासमोर वही उघडून बसले असते तर पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही ते ओळखलं असतं.