डोक्याला मार लागला होता का?

दादा,

गेल्या महिन्यात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचं खरं उत्तर फक्त तुम्हाला माहीत होतं. मायला थोडंफार ठाऊक असेल, पण तीही गेली. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. बाप म्हणून प्रेमानं लिहितेय असं समजू नका. तुमच्यावरचा राग अजून तसाच आहे, हात लावला की भाजतो.

तुम्हाला झाला होता तो आजार मलाही झालाय. गेल्या उन्हाळ्यापासून मी भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. पतसंस्थेत रजा टाकली, खाणं सुटलं. बीडच्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या, काही उपयोग झाला नाही. एका दुपारी माझ्या पोरीनं खांद्याला हात लावला, मम्मी ऊठ ना, दोन घास खा म्हणाली. माझा हात उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासावर गेला आणि ग्लास उचलला गेला. पोरगी मागे सरकली, तिचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला. ह्या पोरीनं आजवर कुणाचाही मार खाल्लेला नाही, तरी हात कुठे न्यायचा हे तिला कळलं. मी ग्लास खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनीच सांगितलं, शहरात एक अभ्यास चाललाय. ज्यांना दोन औषधांनी गुण आला नाही त्यांना घेतात, आणि चुंबकाचं एक यंत्र रोज डोक्यावर ठोके देतं. पोरीनं मोबाइलवर त्या अभ्यासाची सरकारी नोंद शोधून काढली आणि सगळ्या अटी मला वाचून दाखवल्या. वय काय पाहिजे, कोणत्या गोळ्या घेतलेल्या चालतात, डोक्यात धातूचा तुकडा नको, फिट नको. निम्म्या लोकांना खोटं यंत्र मिळणार, ते नुसता आवाज करतं, आणि कुणाला कोणतं हे ना पेशंटला कळणार ना तपासणाऱ्याला. शेवटी लिहिलं होतं की कुणीही, कधीही, कारण न सांगता सोडून जाऊ शकतं. ते मी तिला पुन्हा वाचायला लावलं. आपल्या घरात कारण न सांगता कोण जाऊ शकलं होतं, दादा? तुम्ही सोडून.

मी तेव्हा सातवीत होते. तुम्ही सहकारी कारखान्यात साखरेची पोती शिवायचात. हंगामात घरी येताना रुमालात बांधून साखर आणायचात, अजून कोमट असलेली, आणि माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवायचात. त्या वर्षी शिवारात ऊसच उभा राहिला नाही आणि कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. तुम्ही घरी आलात, बाजेवर पडलात, आणि उठायचात ते फक्त मारायला. मायचा पुढचा दात पाडलात. लाथ घालून दाराची फळी फोडलीत. बैलाला चाबकाच्या दांड्यानं असं झोडपलंत की चाऱ्याच्या छावणीत नेताना तो लंगडत चालला. लोक म्हणायचे, माणूस कडक आहे. आपल्याकडे मारणाऱ्याला कुणी आजारी म्हणत नाही.

त्या दुपारी मायनं भाकरी केल्या होत्या. मी बाजेजवळ जाते, तुमच्या खांद्याला हात लावते. "दादा, उठा, भाकर खाऊन घ्या." एवढंच म्हणते. तुम्ही वळता तेव्हा पितळी तांब्या तुमच्या हातात असतो. तो आधी माझ्या डोक्यावर वाजतो, मग जमिनीवर. त्यानंतर मला आठवतो तो हळदीचा वास आणि रक्तानं चिकटलेले केस. मायनं संध्याकाळी मलाच सुनावलं, "कावून गेलतीस उठवायला? पडल्यालं माणूस पडू द्यावं." गोठ्यातली लाकडी मेढ लागली असं तिनं सगळ्यांना सांगितलं. पुढे मीही तेच सांगत आले. नवऱ्यालासुद्धा तेच सांगितलं.

मग आबांनी तुम्हाला धरून नेलं, तुमच्याच थोरल्या भावानं. "मारल्याबिगर ह्याचं डोकं ठिकाणावर यायचं न्हाई," म्हणाले. पलीकडच्या गावातल्या देवऋष्याकडे चौघांनी तुमचे हातपाय दाबले आणि त्यानं चिंचेच्या फोकानं तुमची पाठ सोलून काढली. घरी आणलं तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं, हे लपवत नाही. तुमच्यावर झालेला औषधोपचार म्हणजे तेवढाच. पुढच्या पावसाच्या आत तुम्ही कोरड्या विहिरीत सापडलात. पाय घसरला असं आबांनी पोलिसांना सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी तेच धरून ठेवलं.

दवाखान्यातली डॉक्टरबाई माझ्या पोरीहून थोडीच मोठी असेल. घरात कुणाला असा आजार होता का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. डोक्याला कधी मार लागला होता का? नाही. दोन्ही उत्तरं तोंडातून आपोआप निघाली. मग ती टेपनं माझं डोकं मोजायला लागली आणि तिचं बोट केसांतल्या खाचेवर थांबलं. मी म्हटलं, मेढ लागली होती. ती समोर येऊन बसली. म्हणाली, मार मोठा असेल, तुम्ही बराच वेळ बेशुद्ध असाल, तर ह्या यंत्रानं फिट येण्याची भीती असते, कदाचित तुम्हाला घेता येणार नाही. म्हणजे खरं बोललं तर दार बंद व्हायचं, आणि खोटं बोललं तर यंत्राच्या खुर्चीतच झटका यायचा. पोरगी शेजारी बसून माझ्याकडे बघत होती.

"वडलांनी मारलं," मी म्हणाले. "पितळी तांब्यानं. आणि आजार त्यांनाच होता."

बेशुद्ध किती वेळ होतात, तिनं विचारलं. माहीत नाही म्हटलं. डोक्याचा फोटो काढला आणि मोठ्या डॉक्टरांनी बघेपर्यंत घरी थांबायला सांगितलं. ते सगळे दिवस मी तुम्हाला शिव्या देत होते. मरूनसुद्धा हा माणूस माझं डोकं सोडत नाही, असं भिंतीला ऐकवत होते. आजारी होतात म्हणून तो तांब्या हलका लागला नव्हता. शेवटी फोटो स्वच्छ आला आणि त्यांनी मला घेतलं.

आता मी रोज त्या खुर्चीत बसते. यंत्र कपाळाच्या डाव्या बाजूला सुतारपक्ष्यासारखं टकटक करतं. खरं आहे की खोटं, अजून माहीत नाही. पहिल्या ठोक्याला माझे दोन्ही हात डोक्यावर गेले होते. डॉक्टरबाईनं थांबवलं आणि विचारलं, पुढे चालू ठेवू का. माझ्या डोक्यावर ठोका देण्याआधी आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी हात खाली घेतले, म्हटलं, चालू ठेवा.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि पोरीच्या हाती लागू नये म्हणून मी ते फाडूनही टाकीन. कारण एक गोष्ट मी डॉक्टरबाईला सांगितली नाही आणि पोरीलाही नाही. त्या दिवशी मला जाग आली ती तुमच्या बोटानं. माझं डोकं तुमच्या मांडीवर होतं, तुम्ही हळदीच्या बोटानं माझ्या कपाळावर टकटक करत होतात आणि म्हणत होतात, "ऊठ गं बाय. ऊठ." मी जागी होते, दादा. तरी डोळे उघडले नाहीत. तुम्हाला आणखी थोडा वेळ भिऊ द्यावं म्हणून मी तशीच पडून राहिले. त्यातली बेशुद्धी किती आणि माझं सोंग किती, हे मला खरंच सांगता येत नाही. तुमचा आवाज फाटला, तुम्ही रडायला लागलात, तरी मी उठले नाही.