एकेचाळीस नावांची वाटणी

मी, सुदाम निवृत्ती गुंजाळ, वय वर्षे चोपन्न, मूळ राहणार मौजे खांबेवाडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक, हल्ली मुक्काम दोहा, कतार, इंडस्ट्रियल एरियातील कंपनीची खोली, धंदा होर्डिंगचे सांगाडे उभारणे, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. तो हृदयाच्या डॉक्टरांनी दिला, कारण मार्चमध्ये छातीत स्टेंट टाकल्यापासून तेच एक डॉक्टर मला ओळखतात. त्यांनी डोक्याला हातही लावला नाही, पण सही मोठ्या झोकात केली आहे. मला धमकावून किंवा गोड बोलून कोणी हे लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारे येऊन गेले, त्यांचा उल्लेख पुढे आहे.

माझ्या मालकीची किंमत असलेली वस्तू एकच आहे. ते इंटरनेटवरचे एक नाव आहे. ते कोणाच्या हाती जावे यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे. बाकीची कलमे वाटेत येतात म्हणून लिहितो.

आणखी एक. आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर, रत्नागिरीचे श्री. कासम इब्राहिम होडेकर, आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीत. एकोणीस वर्षांची मैत्री असून साक्षीदार म्हणून मी त्यांना न विचारता कालच्या पोराला, म्हणजे नागपूरच्या कौशिकला घेतले, हा त्यांचा राग आहे. कारण कलम सातमध्ये दिले आहे. त्यांनी तिथपर्यंत वाचावे.

कलम १. खांबेवाडीचे दोन खोल्यांचे स्लॅबचे घर व त्यामागची पंधरा गुंठे जागा माझ्या स्वकष्टार्जित कमाईची आहे. ती माझी पत्नी सौ. संजीवनी हिला मिळावी. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे या कलमात भांडण व्हायला जागा नाही. तरी ते होईल, कारण तिचा भाऊ महिपती आहे. वास्तुशांतीला मला रजा मिळाली नाही, तेव्हा पूजेला महिपती बसला. बसला तर बसला. पुढच्या सुट्टीत मी गेलो तर फाटकावर संगमरवरी पाटी होती, ‘महिपती कृपा’. मी विचारले तर म्हणाला, “दाजी, तुम्ही तिकडं लोकांच्या पाट्या लावता, इकडं मी तुमची लावली.” माझ्या घरावर त्याचे नाव लावून वर मलाच उपकार सांगणारा हा माणूस आहे. माझ्या दहाव्याच्या आत ती पाटी काढावी. स्क्रू मी निघताना सैल करून आलो आहे.

कलम २. नाशिकच्या बँकेतील ठेव व कंपनीकडून मिळेल ती शेवटची रक्कम संजीवनीला. तिने ती महिपतीला उसनी देऊ नये. दिली तर मला सांगू नये, हे लिहिण्याची आता गरज नाही.

कलम ३. ड्रिल मशीन, रिव्हेट गन, पान्यांचा पूर्ण संच व उंचीवर बांधायचा पट्टा हे सर्व क्रेनचालक मच्छिंद्र याला द्यावे. त्याने माझ्याकडून तीन वेळा स्क्रूड्रायव्हर नेला आणि तीन वेळा हरवला. आता सगळे एकदम हरवावे. पट्टा मात्र वापरावा. मी वापरला म्हणून झोपून मरण्याइतका जगलो.

कलम ४. आता नावांविषयी. संजीवनीला हा धंदा कधी समजला नाही आणि महिपतीला वाटते की मी इथे प्लॉट घेऊन ठेवले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

या देशात इमारत बांधायची ठरली की सर्वांत आधी पत्र्याचे कुंपण बांधतात. पाया, खड्डा, सिमेंट हे सगळे नंतर, झाले तर. कुंपणावर चित्र लागते. चित्रात तळे, तळ्यात होडी, होडीत कॉफीचा कप धरून हसणारी बाई. पत्र्याआड पाण्याची बाटलीसुद्धा मिळणार नाही अशी वाळू. वर सोनेरी अक्षरांत नाव. क्राउन, रॉयल, पर्ल, नूर. वाळूला इतकी नावे ठेवणारी माणसे मी दुसरीकडे पाहिली नाहीत. ते कुंपण बांधणारा मी. चित्र छपाईला आमच्या कंपनीत येते तेव्हा प्रकल्पाचे नाव अजून जाहीर झालेले नसते. मला ते तीन आठवडे आधी कळते, कारण अक्षरे किती रुंद आहेत यावर सांगाड्याचे माप ठरते.

पंधरा वर्षांपूर्वी दुखानच्या रस्त्यावर मी शिडीवर होतो आणि खाली बिल्डरचा मार्केटिंगवाला साहेब फोनवर तडफडत होता. त्याच्या प्रकल्पाचे इंटरनेटवरचे नाव दुसऱ्याच कोणीतरी आधी नोंदवून ठेवले होते आणि आता साहेब ते त्याच्याकडे विकत मागत होता. साहेबाचा चेहरा बघून मला कळले की या लोकांना इमारत नसली तरी चालते, नाव नसले तर चालत नाही. त्याच आठवड्यात मी पहिले नाव नोंदवले. वर्षाला एका जोडी चपलेइतका खर्च. मी एकूण त्रेसष्ट नावे घेतली. सात विकली. पंधरा वकिलांच्या नोटिसा आल्यावर मुकाट्याने सोडली. उरली एकेचाळीस.

हे बरे होते की वाईट, यावर मला प्रवचन नको. ज्यांनी मला नोटिसा धाडल्या त्यांनी होडीतली बाई दाखवून घरे विकली आहेत.

कलम ५. एकेचाळीसपैकी चाळीस नावांच्या मागे काहीही नाही. वर्ल्ड कपच्या आधी त्यांची कुंपणे मी बांधली, वर्ल्ड कपनंतर काही मीच उतरवली. अल रुवैसकडे जाताना असे एक शहर लागते ज्यात एक पोर्टा केबिन आणि एक मांजर राहते. ही चाळीस नावे महिपतीला द्यावीत. त्याला नावे लावण्याची हौस आहे. नूतनीकरणाची तारीख आली की पैसे त्याने भरावेत.

कलम ६. राहिले एक, ‘सफीनत अल नूर’. मुख्य विषय हा आहे.

हे नाव मी २०१८ साली नोंदवले. उत्तरेकडे समुद्राजवळ अडतीस मजल्यांचा टॉवर होणार होता. रिकामे नाव स्वस्तात जाते, त्यावर पान दिसले तर बिल्डरला धडकी भरते, एवढे मी शिकलो होतो. म्हणून छपाईला आलेले निळ्या काचेच्या टॉवरचे चित्र घेऊन मी एक पान केले. खाली इंग्रजीत ‘बुकिंग सुरू’ असे लिहिले. बुकिंग घेण्याची सोय त्यात नव्हती. ते फक्त बिल्डरला घाबरवण्यासाठी होते.

कासमभाईंनी ते पान पाहिले. स्टोअरमध्ये मला बोलावून संगणक दाखवला. म्हणाले, “सुदाम, तू तर ह्याचा पत्रा बांधतोयस. ही साइट कोणाची रे? दलाल म्हणतो बुकिंग आजच करा. मुनीरा म्हणते किती वर्षं अबू हमूरला भाडं भरायचं, रिटायर होताना आपलं एक घर पाहिजे. खरी आहे ना ही?”

मी माझा धंदा कोणाला सांगत नव्हतो. सांगितला असता तर कंपनीने दुसऱ्या दिवशी तिकीट हातात दिले असते. मी म्हणालो, “बिल्डर कंपनीचीच असेल, कासमभाई. खरीच दिसते.”

हे मी बोललो. मी ज्या लोकांना हसत आलो, त्या सगळ्यांनी मिळून जितके खोटे विकले असेल त्यापेक्षा मला माझे हे एक वाक्य जास्त लागते. कासमभाईंनी त्या दलालाकडे बुकिंग केले. मुनीरा वहिनींनी बांगड्या दिल्या. टॉवर झाला नाही. बिल्डर कंपनी बंद पडली, दलालाचा फोन लागेना.

तरी कासमभाईंनी आशा सोडली नाही, आणि त्यालाही मीच कारण आहे. ते आणि वहिनी अधूनमधून शुक्रवारी गाडी घेऊन तिकडे जात. आतले काही दिसत नाही, तो पत्रा त्याचसाठी असतो. एकदा परत येऊन मला म्हणाले, “आत काम चाललंय वाटतं. पत्रा नवा लावलाय.” नवा पत्रा मी लावला होता. उन्हाने चित्र उडाले म्हणून जागा ताब्यात घेतलेल्या बँकेने बदलायला सांगितले होते. त्याचे बोल्ट स्टोअरमधून कासमभाईंनीच मला मोजून दिले होते, पण चिठ्ठीवर प्लॉटचा नंबर असतो, नाव नसते.

पान रोज किती लोकांनी उघडले ते मालकाला दिसते. सफीनतचे पान रोज एक माणूस उघडत असे. दोह्यातून, सकाळी सहाच्या सुमारास. मी हरखलो. मला वाटले कोणी बडा बिल्डर पाळतीवर आहे, म्हणून मी नाव विकायला न काढता भाव वाढायची वाट बघत बसलो. पाच वर्षे. स्वतःला शहाणा समजणाऱ्याची ही अक्कल.

गेल्या वर्षी एकदा सकाळी लवकर नवा हार्नेस, म्हणजे उंचीवरचा पट्टा, घ्यायला स्टोअरमध्ये गेलो. कासमभाई पाठमोरे बसले होते. समोर माझे पान, निळा टॉवर. मी विचारले, “काय बघताय?”

ते म्हणाले, “बघतो काम कुठवर आलं. हा फोटो बदलला की समजायचं पाया भरला. इन्शाल्ला.”

मी हार्नेस न घेताच बाहेर आलो. तो बडा बिल्डर मला सापडला होता.

कलम ७. या सप्टेंबरात एक सुटातला गृहस्थ माझ्या खोलीवर आला. बूट काढू की नको या विचारात दारातच उभा राहिला. त्याच्या नव्या कंपनीने बँकेकडून ती जागा घेतली आहे. टॉवर त्याच नावाने पुन्हा विकायचा आहे, कारण नाव लोकांच्या ओळखीचे आहे. इंटरनेटवरचे नाव माझ्याकडे आहे, तर बोला, म्हणाला. मी विचारले, जुन्या बुकिंगवाल्यांचे काय? तो हसून म्हणाला, “वो पुरानी कंपनी का मामला है. खलास.”

ओळख जुन्या लोकांची, घरे नव्या लोकांना. त्याने सांगितलेली किंमत मी इथे लिहीत नाही, महिपती वाचणार आहे. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. तो पुन्हा दोनदा आला, दर वेळी जास्त गोड होऊन.

तरी माझ्या मृत्यूनंतर आणि, मृत्यूला वेळ असल्यास, आजपासूनच, सफीनत अल नूर हे नाव व त्याचा ताबा श्री. कासम इब्राहिम होडेकर यांच्याकडे जावा. पासवर्ड व ट्रान्सफर कोड या प्रतीबरोबर पाकिटात आहेत. सुटातला गृहस्थ त्यांच्याकडे येईल. त्यांनी त्याला बूट काढायला लावावेत. जुनी बुकिंग नवी कंपनी कागदावर मान्य करीपर्यंत नाव देऊ नये. त्यांचे एकट्याचे नव्हे, सगळ्यांचे. किती जण आहेत मला माहीत नाही, पण त्यांनाही कोणीतरी ‘खरीच दिसते’ असे म्हटले असणार.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला मिळालेले रद्द होते, असे मला वकिलांनी सांगितले. कासमभाई, तुम्हाला न विचारण्याचे कारण एवढेच होते. कौशिकला मी काहीच देत नाही, म्हणून त्याला घेतले. मेसच्या फुजैलला तर माझा राग येतो, म्हणून तोही चालला.

कलम ८. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. मला ते पुरत नाही. मेल्यावर माफी मागणे फार सोयीचे आहे, समोरचा काही बोलू शकत नाही. म्हणून याची एक प्रत आज दुपारी मच्छिंद्रच्या हाती स्टोअरमध्ये पाठवत आहे.

पानावरचे निळ्या टॉवरचे चित्र मी आज सकाळी सातला काढून टाकले. मागच्या आठवड्यात एक पत्रा सोडवून आतला फोटो घेतला, तो तिथे लावला आहे. वाळू आहे, एक मोडकी खुर्ची आहे. कासमभाई, उद्या सकाळी सहाला उघडाल तेव्हा फोटो बदललेला दिसेल. पाया भरलेला नाही. ते पान माझे होते. मी तुमच्याशी खोटे बोललो.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, त्यातला एकही शब्द मागे घेण्याजोगा नाही. स्क्रूविषयीचा मजकूर धरून.

स्थळ: दोहा, कतार
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५

(सही) सुदाम निवृत्ती गुंजाळ

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली व ज्यांनी माझ्यादेखत केली:
१. (सही) कौशिक वासुदेव बोकडे, अकाउंट्स विभाग
२. (सही) फुजैल अब्दुल गनी मिरकर, मेस

(मच्छिंद्रने संध्याकाळी परत आणलेल्या प्रतीच्या मागे, निळ्या शाईत:)

प्रत मिळाली. पाकीट मिळालं. कलम सहा दोनदा वाचलं, एकदा मुनीराला वाचून दाखवलं. उद्या शुक्रवार. खोलीवर येतो. चहा ठेवू नकोस.
कासम